मौन लँडरशी संपर्काची पुनर्स्थापना

परग्रहावर, चंद्रावर किंवा धूमकेतूच्या केंद्रकावर उतरलेल्या स्वयंचलित यानाकडून ठरल्या वेळी रेडिओ संदेश येईनासा झाला, म्हणजे त्याच्या मौनाचे कारण शोधण्यासाठी आणि ते पुन्हा आज्ञा स्वीकारू लागावे यासाठी भूकेंद्रांवरून पद्धतशीर प्रयत्न केले जातात. त्या प्रयत्नांना संपर्काची पुनर्स्थापना म्हणतात. स्थिर लँडर आणि चाकांवर फिरणारे रोव्हर या दोहोंच्या बाबतीत पद्धती जवळजवळ सारख्याच असल्याने या नोंदीत दोहोंचा एकत्र विचार केला आहे.

अंतराळात विहरणाऱ्या यानापेक्षा जमिनीवर बसलेल्या यानाची अडचण वेगळी असते. विहरणारे यान सूर्य व तारे पाहून आपली दिशा बदलू शकते. लँडर मात्र जसा टेकला तसाच राहतो, आणि तो उताराला कललेला असेल किंवा खडकाच्या आड पडलेला असेल तर त्याच्या सौर पॅनेलांना व अँटेनांना त्याच अवस्थेत काम करावे लागते. ग्रहाच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यामुळे पृथ्वी त्याच्या क्षितिजावर काही तासच असते. मंगळापर्यंत रेडिओ लहरी पोहोचायला दोन्ही ग्रहांच्या अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणजे आज्ञेला उत्तर आले की नाही हे कळण्यासाठी कधीकधी पाऊण तास थांबावे लागते. मंगळ सूर्याच्या पलीकडे गेला की काही दिवस आज्ञा पाठवणेही थांबवतात.

मौनाची कारणे

संदेश न येणे हे एकच लक्षण असले तरी त्यामागच्या अवस्था अनेक असू शकतात. वीज संपल्याने संगणक बंद पडला असेल. वीज असूनही यानाचे घड्याळ चुकल्याने ते भलत्याच वेळी बोलत असेल. ते ऐकत असेल पण त्याचा प्रेषक, म्हणजे संदेश पाठवणारा रेडिओ, निकामी झाला असेल. बोलत असेल पण अँटेना पृथ्वीकडे नसेल. संगणक पुन्हापुन्हा सुरू होऊन बंद पडत असेल. किंवा उतरतानाच यानाचे तुकडे झाले असतील. पृथ्वीवरून पाहता या सर्व अवस्था अगदी सारख्या दिसतात. म्हणून नियंत्रण कक्षातले पहिले काम आज्ञा पाठवण्याचे नसून शेवटच्या संदेशातील बॅटरीचे व्होल्टेज, अंतर्गत तापमान आणि घड्याळाची वेळ यांवरून यान आता कोणत्या अवस्थेत असू शकेल याचा अंदाज बांधण्याचे असते. प्रत्येक शक्यतेसाठी वेगळी आज्ञा, वेगळी वेळ आणि वेगळी वारंवारता लागते, आणि एका शक्यतेला उपयोगी पडणारी आज्ञा दुसऱ्या अवस्थेत घातक ठरू शकते.

यानात आधीच ठेवलेल्या सोयी

या विषयाची चर्चा बहुधा पृथ्वीवरच्या मोठ्या अँटेनांभोवती फिरते. प्रत्यक्षात संपर्क परत मिळण्याचा बराचसा भाग उड्डाणापूर्वी लिहिलेल्या संगणकीय सूचनांवर ठरतो. मौन पडलेल्या यानाची दुरुस्ती करायला कोणी जाऊ शकत नाही, त्यामुळे आपण हरवलो आहोत हे यानाला स्वतःच ओळखावे लागते आणि शोधले जाण्यासाठी काय करायचे हेही त्याला आधीच ठाऊक असावे लागते.

यांतील सर्वांत महत्त्वाची सोय म्हणजे आज्ञाविरामाचा गणक. ठरावीक मुदतीत पृथ्वीवरून एकही आज्ञा आली नाही, तर आपल्याच संपर्क यंत्रणेत बिघाड झाला असे यान गृहीत धरते आणि राखीव ग्राहक (संदेश घेणारा रेडिओ), राखीव प्रेषक व दुसरी अँटेना आळीपाळीने वापरून पाहते. गंभीर दोष आढळल्यास यान सुरक्षित अवस्थेत जाते: वैज्ञानिक उपकरणे बंद करून केवळ ऊब, वीज आणि संपर्क एवढ्यांवरच लक्ष देते. मार्स पाथफाइंडर मोहिमेत तर लँडर गप्प झाल्यास सोजर्नर या छोट्या रोव्हरने त्याच्याकडे परतून त्याच्याभोवती फिरत राहावे, अशीही तरतूद होती.

फिनिक्स या लँडरमधील सोय या दृष्टीने विशेष पाहण्याजोगी आहे. २५ मे २००८ रोजी मंगळाच्या उत्तर ध्रुवीय मैदानात उतरलेल्या या यानाचा शेवटचा संदेश २ नोव्हेंबर २००८ रोजी मिळाला. हिवाळा जवळ आल्याने सूर्य खाली सरकला होता आणि वीज पुरेना. ध्रुवीय हिवाळ्यातून ते वाचेल असे कोणी धरले नव्हते. तरीही वसंतात पॅनेलांवर पुरेसा प्रकाश पडून संगणक जागा झालाच, तर त्याने आपल्या दोन रेडिओंपैकी व दोन अँटेनांपैकी एकेक जोडी पाळीपाळीने वापरून वर हाक द्यावी, मग बॅटरी भरेपर्यंत विसावा घ्यावा आणि पुन्हा हाक द्यावी, असा क्रम त्यात लिहून ठेवला होता. जमिनीवरून थेट पृथ्वीशी बोलण्याची क्षमता फिनिक्समध्ये नसल्याने ही हाक ऐकण्याचे काम मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स ओडिसी या ऑर्बिटरकडे आले. २०१० मध्ये आधीच्या तीन फेऱ्यांत सुमारे १५० वेळा आणि मे महिन्यातील अखेरच्या फेरीत ६१ वेळा ओडिसी त्या जागेवरून गेले. काहीच ऐकू आले नाही. त्याच महिन्यात मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरने घेतलेल्या छायाचित्रात लँडरची सावली पूर्वीपेक्षा वेगळी दिसली. गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या भाराने सौर पॅनेल वाकले किंवा तुटले असावे, या अंदाजाला त्यामुळे पुष्टी मिळाली आणि शोध थांबवण्यात आला.

पृथ्वीवरून केले जाणारे प्रयत्न

दूरच्या यानांशी संपर्कासाठी नासाची कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन, स्पेनमधील माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा अशी तीन केंद्रे असून प्रत्येकी ७० मीटर व्यासाची एक मोठी अँटेना आहे. पृथ्वी फिरत असताना तिन्हींपैकी एकतरी केंद्र यानासमोर राहावे अशी त्यांची मांडणी आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेची, म्हणजे इस्रोची, ३२ मीटर व्यासाची अँटेना बंगळूरजवळ ब्यालालू येथे आहे.

ऐकण्याचे काम वरवर सोपे वाटते, पण थंडीने गारठलेल्या यानातील दोलकाची, म्हणजे रेडिओची वारंवारता ठरवणाऱ्या घटकाची, वारंवारता सरकलेली असते, त्यामुळे नेहमीच्या ठिकाणी कान लावून भागत नाही. वारंवारतेचा बराच रुंद पट्टा आणि लहरींचे दोन्ही दिशांचे ध्रुवण (त्यांच्या कंपनाची फिरण्याची दिशा) तपासावे लागते. हीच अडचण उलट दिशेनेही येते. यानाचा ग्राहकही सरकलेला असू शकतो, म्हणून आज्ञा पाठवताना वारंवारता हळूहळू वर-खाली सरकवत नेतात आणि त्या पट्ट्यात कोठेतरी ग्राहक ती पकडेल अशी आशा करतात. अशी आज्ञा शक्य तितकी साधी ठेवतात: ऐकू आले असेल तर फक्त एक ‘बीप’ पाठव. बीपमध्ये माहिती काहीच नसते. पण ती आली, तर संगणक, ग्राहक, प्रेषक, अँटेना आणि वीजपुरवठा ही सगळी साखळी शाबूत आहे, एवढे एका क्षणात सिद्ध होते.

ऑपॉर्च्युनिटी रोव्हरसाठी हीच पद्धत आठ महिने राबवली गेली. २०१८ च्या मध्यात मंगळभर पसरलेल्या धूळवादळाने त्याच्यावरचे आकाश इतके काळवंडले की १० जून २०१८ नंतर त्याचा आवाज आला नाही. वीज फार कमी झाली, घड्याळ बंद पडले आणि आज्ञाविरामाची मुदतही उलटून गेली, असे तीन दोष एकत्र आले असावेत असा अंदाज होता. घड्याळ गमावलेले यान सूर्यप्रकाश पाहून जागे होते. मात्र किती वाजले हे त्याला कळत नसल्याने ते दिवसाच्या कोणत्याही वेळी ऐकत असू शकते, आणि म्हणून वादळ निवळू लागल्यावर सप्टेंबरपासून आज्ञा आठवड्याला तीनऐवजी दिवसाला अनेक वेळा पाठवल्या गेल्या. पॅनेलांवरची धूळ वाऱ्याने उडून जाण्याचा हंगामही वाट पाहण्यात गेला. जानेवारी २०१९ मध्ये वेगळ्याच शक्यता गृहीत धरून राखीव रेडिओकडे वळण्याच्या आणि घड्याळ नव्याने लावण्याच्या आज्ञा देण्यात आल्या. हजाराहून अधिक आज्ञांनंतर १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मोहीम संपल्याचे जाहीर झाले.

यश मिळाल्याचे उदाहरण त्याच्या जुळ्या रोव्हरचे, स्पिरिटचे आहे आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. २१ जानेवारी २००४ रोजी, उतरून तीन आठवडेही झाले नसताना, स्पिरिटकडून माहिती येणे थांबले. आज्ञांना अधूनमधून नुसती बीप येई. दोन दिवसांनी अत्यंत संथ गतीने थोडी माहिती हाती लागली आणि तिच्यातून कळले की संगणक साठाहून अधिक वेळा स्वतःला पुन्हा सुरू करत होता. रात्री झोपण्याऐवजी तो जागाच राहत असल्याने बॅटरी रिकामी होत चालली होती. फ्लॅश स्मृतीत, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या साठ्यात, फायलींची संख्या इतकी वाढली होती की त्यांची व्यवस्था लावायला चालू स्मृती अपुरी पडे आणि सुरू होतानाच संगणक अडखळे. अभियंत्यांनी फ्लॅश स्मृतीला हात न लावता सुरू होण्याची आज्ञा पाठवली. मूळ रचनेत ठेवलेली ही वाट मोकळी असल्याने रोव्हर ताब्यात आले आणि पुढे सहा वर्षे काम करत राहिले. २०१० मध्ये वाळूत रुतलेल्या अवस्थेत, हिवाळ्यात सूर्याकडे पुरेसा कल न मिळाल्याने ते पुन्हा गप्प झाले. २२ मार्च २०१० च्या संदेशानंतर मे २०११ पर्यंत पाठवलेल्या आज्ञांना उत्तर आले नाही.

मानवी चुकीने ओढवलेल्या मौनाचे उदाहरण व्हायकिंग १ चे आहे. जुलै १९७६ पासून मंगळावर कार्यरत असलेल्या या लँडरला नोव्हेंबर १९८२ मध्ये बॅटरी भरण्याबाबत नव्या सूचना पाठवल्या गेल्या आणि त्या अँटेना पृथ्वीकडे वळवण्याच्या माहितीवर लिहिल्या गेल्या. अँटेना भलतीकडे वळली. पुढचे काही महिने प्रयत्न होऊनही सहा वर्षांहून अधिक काळ चाललेली ही मोहीम तेथेच संपली.

फिले

६७पी/चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को या धूमकेतूवर १२ नोव्हेंबर २०१४ रोजी उतरलेला युरोपीय अंतराळ संस्थेचा फिले हा लँडर उसळ्या घेत एका कड्याच्या सावलीत जाऊन पडला आणि तीन दिवसांत त्याची बॅटरी संपली. येथे प्रश्न विजेइतकाच तापमानाचाही होता: अंतर्भाग उणे ४५ अंश सेल्सियसपेक्षा उबदार असणे आणि किमान ५.५ वॅट वीज मिळणे, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्याशिवाय संगणक सुरू होणार नव्हता, आणि दुतर्फा संपर्कासाठी १९ वॅट लागणार होते. धूमकेतू सूर्याजवळ येत असल्याने काळ अनुकूल होता. १३ जून २०१५ रोजी रोझेटा या मातृयानाने फिलेचा ८५ सेकंदांचा संदेश टिपला. त्यातील नोंदींवरून लँडर त्याआधीच जागा झाला होता, पण त्याचे बोलणे पोहोचले नव्हते, हे उघड झाले. मौन म्हणजे निष्क्रियता नव्हे, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. पुढचे संपर्क तुटक होते. रोझेटाला जवळ न्यावे तर धूमकेतूतून उडणारी धूळ तारे पाहून दिशा ओळखणाऱ्या त्याच्या तारामापकांना चकवत होती, आणि दूर ठेवावे तर लँडरचा क्षीण आवाज ऐकू येत नव्हता. ९ जुलै २०१५ नंतर संदेश आला नाही. १० जानेवारी २०१६ रोजी लँडरमधील चक्र फिरवून पॅनेलांवरची धूळ झटकण्याची आज्ञा पाठवून पाहिली, तिलाही प्रतिसाद आला नाही.

चांद्ररात्रीनंतरचे प्रयत्न

चंद्रावर रात्र पृथ्वीवरील सुमारे चौदा दिवसांएवढी असते आणि ध्रुवीय प्रदेशांजवळ तापमान उणे दीडशे अंशांच्याही खाली जाते. किरणोत्सारी उष्णतास्रोत नसलेल्या यानात बॅटऱ्या गोठतात आणि सोल्डरचे जोड आकुंचनाने तडकू शकतात. चंद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरला. एका चांद्रदिवसाचे काम पुरे झाल्यावर प्रज्ञान रोव्हरला २ सप्टेंबरला आणि विक्रमला ४ सप्टेंबरला ग्राहक चालू ठेवून झोपवण्यात आले. सूर्योदयानंतर २२ सप्टेंबरला इस्रोने हाक दिली, पण संदेश आला नाही. दोघांची रचनाच एका चांद्रदिवसासाठी होती, म्हणून याला अपयश म्हणणे योग्य नाही.

जपानच्या स्लिम यानाने मात्र अपेक्षेपलीकडे साथ दिली. २० जानेवारी २०२४ रोजी ते नाकावर कलंडलेल्या स्थितीत उतरले, पॅनेले पश्चिमेला वळली आणि वीज मिळेना. बॅटरी पार रिकामी होण्यापूर्वीच नियंत्रकांनी ती मुद्दाम तोडली, कारण पूर्ण रिकामी झालेली बॅटरी पुन्हा सुरू होण्यात अडथळा ठरली असती. सूर्य पश्चिमेकडे सरकल्यावर २८ जानेवारीला संपर्क परत आला. ओढवून घेतलेले मौन हाही वाचवण्याचा मार्ग असू शकतो, हे येथे दिसते. पुढे तीन चांद्ररात्री काढून हे यान एप्रिलच्या अखेरपर्यंत उत्तरे देत राहिले.

भ्रामक संकेत

क्षीण संकेत शोधणाऱ्याला पृथ्वीवरच्याच गोंगाटातून संकेत सापडल्याचा भास होण्याचा धोका असतो. ३ डिसेंबर १९९९ रोजी उतरताना गप्प झालेल्या मार्स पोलर लँडरच्या बाबतीत स्टॅनफर्डच्या अँटेनेने टिपलेल्या नोंदींत अंधूक संकेत असल्याचे जानेवारी २००० मध्ये वाटले. त्यावर पुन्हा आज्ञा पाठवल्या गेल्या, युरोपातील रेडिओ दुर्बिणीही ऐकू लागल्या, पण संकेत मंगळाचा नसल्याचेच ठरले. खरा संकेत ओळखण्याच्या दोन कसोट्या आहेत: अँटेना ग्रहावरून हलवताच तो नाहीसा झाला पाहिजे, आणि दोन्ही ग्रहांच्या गतीमुळे त्याची वारंवारता डॉप्लर नियमानुसार ठरावीक रीतीने बदलली पाहिजे.

प्रयत्न थांबवण्याचा निर्णय

मौनावरून यान नष्ट झाल्याचे कधीच सिद्ध होत नाही. म्हणून थांबण्याची अट शक्यतो आधीच ठरवलेली बरी. मंगळावरील इनसाइट लँडरच्या धुळीने माखलेल्या पॅनेलांची वीज घटत असताना, सलग दोन नियोजित संपर्क हुकले तर मोहीम संपली असे मानण्याचे आधीच ठरले होते, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तसेच घडले.

कक्षेतून घेतलेली छायाचित्रे बऱ्याचदा पुढे निवाडा देतात. २५ डिसेंबर २००३ रोजी मंगळावर उतरायचे असलेले ‘बीगल २’ हे लँडर वर्षानुवर्षे कोसळले असे समजले जात होते. जानेवारी २०१५ मध्ये ते जमिनीवर सुखरूप बसलेले दिसले. सौर पॅनेले पूर्ण न उघडल्याने त्यांच्याखालची अँटेना झाकली गेली होती, म्हणजे पृथ्वीवरून कितीही आज्ञा दिल्या तरी त्याला बोलता आलेच नसते. उलट चंद्रयान-२ च्या विक्रमशी ७ सप्टेंबर २०१९ रोजी पृष्ठभागापासून सुमारे २.१ किलोमीटर उंचीच्या खाली आल्यावर संपर्क तुटला, तेव्हा चांद्ररात्र होईपर्यंत हाका देण्यात आल्या, आणि त्याच्या विखुरलेल्या अवशेषांची छायाचित्रे डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाली.

वीज लागत नाही अशी उपकरणे यानावर बसवण्याची पद्धत या अनुभवांमुळे अधिक मोलाची ठरते. चंद्रयान-३ च्या विक्रमवर नासाने पुरवलेला लहान लेझर परावर्तक आहे. रेडिओ मौन पाळून तीन महिने उलटल्यावर, १२ डिसेंबर २०२३ रोजी, ल्युनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरने सुमारे १०० किलोमीटरवरून त्याच्यावर लेझर टाकला आणि परावर्तित प्रकाश नोंदवून त्याचे अंतर मोजले.