मिनमेचा मूळ आवाज : 'मॅक्रॉस' मालिका डिस्कवर कशी आली

३ ऑक्टोबर १९८२, रविवार, दुपारी दोनची वेळ. जपानी टीव्हीवर 'चोजिकू योसाई माकुरोसु' नावाची अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली. बाहेरच्या जगात तिला 'मॅक्रॉस' एवढंच म्हणतात. ही मालिका मूळ जपानी आवाजात, मूळ संगीतासकट आणि काहीही न कापता अमेरिकेत रीतसर विकत मिळू लागली ती थेट २००१ च्या अखेरीस. मधली १९ वर्षं तिचे चाहते होते, तिच्यावर वाद होते, खेळणी होती, एक अख्खी वेगळी मालिकासुद्धा होती. फक्त ती स्वतः नव्हती. असं का झालं याचं मूळ मालिकेच्या जन्मातच आहे.

'स्टुडिओ नुए' हा विज्ञानकथांची चित्रं आणि यंत्रांची रेखाटनं करणाऱ्यांचा गट. दुसऱ्यांच्या मालिकांसाठी अवकाशयानं नि यंत्रमानव काढून दिल्यावर त्यांना स्वतःची कथा हवी होती. गटातला शोजी कावामोरी तेव्हा विशीच्या सुरुवातीला होता. पात्रं रेखाटणारा हारुहिको मिकिमोतो त्याच्याच विद्यापीठातला, त्याच्याच पिढीचा. दिग्दर्शनाला मात्र नोबोरू इशिगुरो हा अनुभवी माणूस होता. आधी कल्पनेचं नाव 'मेगारोड' असं काहीसं होतं. पैसे लावणाऱ्यांपैकी एकाला शेक्सपिअरचं वेड होतं, त्याला 'मॅक्बेथ' हेच नाव हवं होतं. दोघांच्या ओढाताणीतून 'मॅक्रॉस' निघालं. पुढे 'बिग वेस्ट' या जाहिरात कंपनीनं प्रकल्प हाती घेतला. तरी ३६ भागांचा खर्च पेलणं सोपं नव्हतं. म्हणून निर्मितीसाठी 'तात्सुनोको प्रॉडक्शन'ला बरोबर घेतलं गेलं आणि बदल्यात तात्सुनोकोच्या पदरात परदेशी वितरणाचे हक्क पडले. त्या वेळी हा अगदी किरकोळ व्यवहार वाटला असणार. जपानी मालिका परदेशात कितीशी विकली जाणार, असाच हिशेब होता. पुढच्या चाळीस वर्षांची भांडणं मात्र याच वाटणीतून निघाली.

कथा थोडक्यात सांगायला हवी, कारण नंतर काय कापलं गेलं ते त्याशिवाय कळत नाही. १९९९ मध्ये एक अजस्र परकं जहाज पृथ्वीवर कोसळतं. माणसं दहा वर्षं खपून ते दुरुस्त करतात. ते उडणार त्याच दिवशी झेंट्राडी नावाचे महाकाय सैनिक येऊन ठेपतात, आणि जहाजाची तोफ कुणी न सांगता आपोआप गोळा डागते. बचावासाठी मारलेली अवकाशउडी चुकते. जहाज बेटावरच्या शहरासकट थेट प्लूटोजवळ जाऊन पडतं. मग जहाजाच्या पोटातच शहर पुन्हा वसवलं जातं. तिथे दुकानं उघडतात, रस्ते होतात, लिन मिनमेच्या काकांचं चिनी खानावळीचं दुकानही पुन्हा सुरू होतं.

वैमानिक हिकारू इचिजो आणि ही मिनमे जहाजाच्या एका बंद कोपऱ्यात १२ दिवस अडकून पडतात. हिकारू तिच्या प्रेमात पडतो. ती मात्र सौंदर्यस्पर्धा जिंकते, गायिका होते आणि त्याच्यापासून लांब लांब जात राहते. दुसरीकडे कमांड कक्षातून त्याला सतत झापणारी अधिकारी मिसा हायासे आहे. तिचा नि हिकारूचा संबंध भांडणानंच सुरू होतो आणि फार हळू बदलतो. मला या मालिकेत सगळ्यात जास्त हाच हळूपणा आवडतो. मोठं भाषण नाही, शपथा नाहीत. ड्यूटी संपल्यावरची कॉफी, न दिलेली भेट, उशिरा कळलेली गोष्ट, यातूनच सगळं घडत जातं. १८ व्या भागाचं नाव 'पाइनॅपल सॅलड' आहे. त्यात हिकारूचा वरिष्ठ वैमानिक रॉय फोकर लढाईवरून परत येतो, प्रेयसी स्वयंपाकघरात सॅलड करत असते, तो गिटार घेऊन बसतो आणि ते सॅलड खाण्याआधीच जातो. युद्धकथेतला मृत्यू इतक्या घरगुती जागी घडवणं १९८३ मध्ये नवं होतं.

झेंट्राडींना युद्धाशिवाय काही ठाऊक नाही. त्यांच्यात स्त्री-पुरुष वेगवेगळ्या ताफ्यांत राहतात. त्यांच्यासमोर हिकारू आणि मिसा यांनी घेतलेलं चुंबन त्यांना हादरवून टाकतं. हेरगिरीला पाठवलेले तिघं मिनमेची बाहुली घेऊन परततात आणि तिची गाणी गुणगुणतात. २५ व्या भागात माणसांचा वैमानिक मॅक्स आणि शत्रूची वैमानिक मिलिया यांचं लग्न लागतं. आणि २७ व्या भागात सुमारे ४८ लाख जहाजांच्या ताफ्यासमोर मिनमेचं गाणं हेच शस्त्र ठरतं. कथेत 'प्रोटोकल्चर' म्हणजे एक प्राचीन जमात. माणूस आणि झेंट्राडी दोघांचीही मुळं तिच्यात. गाणं ऐकून सैनिक थबकतात ते विसरलेलं काहीतरी आत हलतं म्हणून. संगीत केंतारो हानेदा यांचं होतं आणि मिनमेचा आवाज मारी ईजिमा या १९ वर्षांच्या गायिकेचा.

कथेचा कळस २७ व्या भागात झाला तरी मालिका थांबली नाही. लोकांचा प्रतिसाद पाहून ती ३६ भागांपर्यंत, जून १९८३ अखेर चालली. शेवटचे नऊ भाग युद्धानंतर दोन वर्षांनी घडतात. अनेकांना ते रेंगाळलेले वाटतात. मला नाही वाटत. जळालेल्या पृथ्वीवर पुन्हा घर करताना हिकारू, मिनमे आणि मिसा या तिघांनी नेमकं काय निवडायचं, हा प्रश्न तिथेच खरा उभा राहतो. चित्रांचा दर्जा मात्र सगळीकडे सारखा नाही, हे मान्य करावं लागतं. काही भाग घाईत बाहेरून करून घेतलेले आहेत आणि त्यांत चेहरे अक्षरशः बदलतात. याउलट अ‍ॅनिमेटर इचिरो इतानोनं आखलेली क्षेपणास्त्रांची दृश्यं, आकाशभर वेटोळी घेत धावणारे ते धुराचे दोर, आजही कुणाला तसे जमत नाहीत.

आता अमेरिका. 'हार्मनी गोल्ड' या कंपनीनं तात्सुनोकोकडून परदेशी हक्क घेतले. १९८४ मध्ये पहिले तीन भाग इंग्रजी आवाजात व्हिडिओ कॅसेटवर आले, पण तिथल्या बाजाराला काहीतरी मोठं हवं होतं. रोज, आठवड्यातले पाच दिवस दाखवायची मालिका असेल तर निदान ६५ भाग लागायचे, आणि इथे होते ३६. तेव्हा निर्माता कार्ल मेसेकनं तात्सुनोकोच्याच आणखी दोन मालिका घेतल्या. तिन्ही कथांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. त्या जोडून ८५ भागांची 'रोबोटेक' मार्च १९८५ मध्ये पडद्यावर आली. हिकारूचा रिक हंटर झाला, मिसाची लिसा हेज झाली. हानेदांचं संगीत गेलं, ईजिमाचा आवाज गेला, त्या जागी नवी इंग्रजी गाणी आली.

मेसेकवर राग काढणं सोपं आहे, पण रोबोटेकमुळेच अमेरिकेतल्या एका पिढीला पहिल्यांदा कळलं की कार्टूनमध्ये नायक मरू शकतो आणि प्रेम वर्षानुवर्षं अनिश्चित राहू शकतं. मला खरी हानी दिसते ती एका शब्दात. तिन्ही कथा सांधण्यासाठी 'प्रोटोकल्चर'चा अर्थ बदलून ते एक इंधन केलं गेलं. संस्कृती विसरलेल्यांची गोष्ट इंधनासाठी लढणाऱ्यांची झाली. मग गाण्यानं युद्ध का थांबतं, याचं कारणच निसटलं.

ज्यांना हे जाणवलं त्यांनी मूळ मालिका शोधायला सुरुवात केली. जपान आणि अमेरिका दोन्हीकडे टीव्हीची पद्धत एनटीएससी होती, त्यामुळे जपानी कॅसेट अमेरिकन व्हीसीआरवर तशीच चालायची. (आपल्याकडे पाल पद्धत, तीच कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरवर नीट दिसली नसती.) टपालानं कॅसेटी फिरू लागल्या, प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत. सोबत कथासाराचे झेरॉक्स कागद. पुढे लोकांनी घरच्या अमिगा संगणकावर स्वतः उपशीर्षकं चढवली. चौथ्या-पाचव्या प्रतीत रंग विटायचे, आवाज घोगरा व्हायचा, पण आवाज मिनमेचाच असायचा.

मॅक्रॉसचा १९८४ चा चित्रपटही परदेशात कापाकापी होऊन भलत्याच नावानं फिरत राहिला. त्याबद्दल एवढं पुरे.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. जपानमध्ये मालकीचा वाद न्यायालयात गेला. २००२ आणि २००३ मध्ये टोकियोच्या न्यायालयांनी वाटणी स्पष्ट केली: पात्रांची आणि यंत्रांची मूळ ४१ रेखाटनं बिग वेस्ट आणि स्टुडिओ नुए यांची, पण ३६ भागांची टीव्ही मालिका चित्रकृती म्हणून तात्सुनोकोची. म्हणजे हिकारू कसा दिसतो हे एकाचं, आणि पडद्यावर हलणारा हिकारू दुसऱ्याचा. या निकालानं भांडण मिटलं नाही. उलट मॅक्रॉसच्या पुढच्या मालिका जपानबाहेर आणायच्या तर कुणाची परवानगी लागेल, यावर सगळं अडकून राहिलं.

दुसरी गोष्ट जास्त आनंदाची. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये अ‍ॅनिमइगो नावाची छोटी कंपनी होती. जपानी आवाज तसाच ठेवून काळजीपूर्वक उपशीर्षकं देणं ही तिची १९८८ पासूनची ओळख. तिनं हार्मनी गोल्डकडून परवाना घेतला, चित्र साफ केलं आणि ३६ भाग नऊ डीव्हीडींवर आणले. डीव्हीडीच्या तंत्रानं इथे खरी मदत केली. कॅसेटवर दोन-तीन भाग मावायचे आणि उपशीर्षकं कायमची चिकटलेली असायची. डिस्कवर चार भाग मावतात आणि उपशीर्षकं हवी तेव्हा बंद करता येतात. गाण्याच्या वेळी मी ती बंदच करतो.

२००६ मध्ये ए.डी.व्ही. फिल्म्सनं नवी इंग्रजी आवृत्ती काढली, आणि तिच्यासारखी गोष्ट ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात विरळाच. मारी ईजिमा तोवर बरीच वर्षं लॉस एंजेलिसमध्ये राहत होती. इंग्रजी मिनमेसाठी तिलाच बोलावण्यात आलं. १९ व्या वर्षी जपानीत बोललेली भूमिका तिनं चाळिशी ओलांडल्यावर, दुसऱ्या भाषेत पुन्हा उभी केली. दोन्ही आवाज लागोपाठ ऐकले की पहिल्यात एक अनभिज्ञ मुलगी दिसते, दुसऱ्यात तिला आठवणारी बाई.

भारतातून हे संच मागवणाऱ्यांना आणखी एक अडसर होता. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले होते आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर सहसा चालत नसे. अमेरिका पहिल्या विभागात, जपान दुसऱ्या, भारत पाचव्या. संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग बदलता यायचा, पण फक्त पाच वेळा. मग तो कायमचा अडकायचा. ब्लू-रे आल्यावर जपान आणि अमेरिका एकाच 'ए' विभागात आले, भारत 'सी'मध्ये गेला. जपानी प्रकाशकांना मात्र नवीच धास्ती लागली: स्वस्त अमेरिकन डिस्क उलट जपानमध्ये आली तर? तिथे संचांच्या किमती फार चढ्या असतात. जुन्या अ‍ॅनिमे मालिकांचे ब्लू-रे बाहेर उशिरा किंवा कधीच न येण्यामागे हेही एक कारण आहे.

एप्रिल २०२१ मध्ये बिग वेस्ट आणि हार्मनी गोल्ड यांनी समझोता जाहीर केला. मॅक्रॉसच्या बहुतेक मालिका आणि चित्रपटांना जगभर वाट मोकळी झाली, आणि त्या ४१ रेखाटनांचा जपानबाहेर वापर करण्याचा हार्मनी गोल्डचा हक्कही मान्य झाला. २०२४ पासून नंतरच्या बऱ्याच मालिका डिस्ने प्लसवरून जपानबाहेर दिसू लागल्या. १९८२ ची पहिली मालिका त्यांत नाही. ती पाहायची तर अजून जुन्या डिस्कच शोधाव्या लागतात.

त्या डिस्क मिळाल्या तर ३६ वा भाग संपल्यावर लगेच बंद करू नका. पस्तीस भाग शेवटचं 'रनर' हे गाणं माकोतो फुजिवारांच्या आवाजात येतं. त्या एका भागात ते ईजिमा गाते.