डांबराखाली कुजलेला पत्रा: एमजीबीचं सिल आणि अंडरसीलचा इतिहास

एमजीबी ही ब्रिटिश बनावटीची दोन आसनी स्पोर्ट्स कार. जुन्या एमजीबीच्या खाली शिरून अंडरसीलच्या, म्हणजे पत्र्याला खालून मारलेल्या डांबराच्या काळ्या थरावर खरवडणी लावली की दोनपैकी एक गोष्ट होते. थर पत्र्याला घट्ट धरून असेल तर खरवडणी घसरत जाते आणि खाली मूळ रंग दिसतो. नाहीतर हातभर लांबीची पट्टी अखंड सुटून हातात येते. वरून अजून काळीभोर, नव्यासारखी, पण आतल्या अंगाला पत्र्याचे तांबूस पापुद्रे चिकटलेले. या गाड्यांवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला दुसरा प्रकार जास्त येतो. ज्या थराने पत्रा वाचवायचा, त्याच्या आड पत्रा कसा गेला, हे कळायला गाडीची बांधणी आणि त्या काळचे रस्ते या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

एमजीबी 1962 च्या सप्टेंबरमध्ये बाजारात आली आणि 1980 पर्यंत इंग्लंडमधल्या अबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. तिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी होती. जाड लोखंडाच्या सांगाड्यावर पत्र्याचा देह बसवलेला, त्यामुळे एखादा पत्रा सडला तरी गाडीचा कणा शाबूत राही. एमजीबीत चॅसीच काढून टाकली. भार तोलायचं काम पातळ पत्र्याच्या पोकळ पेट्यांवर आलं. त्यातही उघड्या गाडीला छप्पर नाही, म्हणून पुढचा भाग मागच्या भागाशी बांधून ठेवण्याची मुख्य जबाबदारी दारांखालच्या दोन सिलवर.

हे सिल म्हणजे एकच पट्टी नव्हे. दिसतो तो फक्त बाहेरचा पत्रा. त्याच्या आत लांबच लांब उभा पडदा, त्याच्या पलीकडे फरशीला जोडलेली आतली भिंत, आणि खालून सगळ्यांना बांधणारी कॅसल रेल. पडद्यामुळे आतल्या पोकळीचे दोन भाग होतात. बाहेरच्या पत्र्याचं पुढचं टोक पुढच्या मडगार्डात दडलेलं, मागचं टोक मागच्या मडगार्डाच्या खालच्या कोपऱ्यात. हे सगळे पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडले जात. वेल्डच्या दोन ठिपक्यांमध्ये पत्र्याला पत्रा नुसता टेकलेला राहतो. त्या फटीत कारखान्याचा रंग नीट पोचतच नसे, पाणी मात्र केशाकर्षणाने आत ओढलं जाई.

पाणी येतं कुठून, हे नीट बघण्यासारखं आहे. पुढच्या चाकामागे मडगार्डात एक आडवा पत्रा आहे आणि त्याच्या कडेला रबर. काही वर्षांत रबर कडक होतं, फट पडते, चाकाने उडवलेला चिखल आत जाऊन सिलच्या पुढच्या टोकावर बसतो. तो चिखल वाळला असं वरवर वाटतं, पण तळाशी महिनोन् महिने ओल असते. काचेच्या पुढच्या जाळीतून आत आलेलं पावसाचं पाणी एका रबरी नळीने गिअरबॉक्सच्या बोगद्यात उतरायला हवं. नळी पानांनी तुंबली की ते पायाखाली येतं आणि गालिच्याखाली फरशी कुजते. सीटमागे बॅटऱ्यांच्या पेट्या आहेत (1974 पर्यंत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या), त्यांना तर आम्लच खातं.

पाणी एकटं असतं तर गाड्या बऱ्याच टिकल्या असत्या. एमजीबीच्या नशिबी पहिलाच हिवाळा 1962-63 चा आला, ब्रिटनमधल्या विसाव्या शतकातल्या सगळ्यात कडक हिवाळ्यांपैकी एक. रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला खडेमीठ टाकलं जाई, आणि वाहनं वाढली तसा हा रिवाज घट्ट होत गेला. चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून ते मीठ येतं, आजही. एमजीबीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तिथल्या मिशिगन, ओहायोसारख्या उत्तरेकडच्या राज्यांतही हीच गत. उलट कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतल्या गाड्यांचे पत्रे इतके चांगले राहिले की पुढे त्या शोधून पुन्हा ब्रिटनला नेल्या जाऊ लागल्या.

गंज ही विजेची क्रिया आहे. ओल्या पत्र्यावर जिथे हवा कमी पोचते, म्हणजे चिखलाखाली, फटीत, सुटलेल्या थराखाली, तिथलं लोखंड विरघळतं. मीठ मिसळलं की पाण्यातून वीज सहज वाहते आणि वेग वाढतो. शिवाय गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतं. दोन पत्र्यांच्या फटीत तो फुगला की पाचरीसारखा पत्रे वेगळे करतो, नवी फट पडते, आणखी पाणी आत जातं.

यावर त्या काळाचा उपाय म्हणजे अंडरसील. डांबरात विरघळवणारं द्रव्य आणि भरड मिसळून केलेला जाड, काळा लेप. नवी गाडी घेताना विक्रेते जादा पैसे घेऊन तो मारून देत. चाकाच्या दगडांचा मारा तो झेलतो आणि आवाज कमी करतो, हे गुण खरे. पण त्यातलं द्रव्य उडून गेलं की डांबर वाळतं, थंडीत ठिसूळ होतं, कडेला केसाएवढी चीर पडते. चिरेतून मिठाचं पाणी आत जातं आणि आता त्याला बाहेर पडायला वाट नाही, वाळायला वारा नाही. धूळ, ओल आणि कोवळा गंज न काढता वरून लेप मारला असेल, आणि बहुतेक वेळा तसाच मारला जाई, तर पहिल्या दिवसापासून ओल आत कोंडली जाते. त्याहून मोठी गोष्ट अशी की सिल सडत होतं आतून. बाहेरून कितीही डांबर चोपडलं तरी आतल्या पोकळीला त्याचा उपयोग शून्य होता. आमच्या मते अंडरसीलच्या साऱ्या इतिहासातली मोठी चूक हीच: दिसतो तो पत्रा झाकला, भार घेणारा उघडा राहिला.

पोकळीच्या आत जाण्याचा विचार धंदा म्हणून आधी रुजला तो अमेरिकेत. डेट्रॉइटमध्ये 1959 च्या सुमारास कर्ट झीबार्ट या जर्मन मेकॅनिकच्या नावाने झीबार्ट पद्धत सुरू झाली. पेटीसारख्या भागांना ठरलेल्या जागी भोकं पाडायची, लांब नळीने आत लेप फवारायचा आणि भोकं प्लास्टिकच्या बुचांनी बंद करायची. जुन्या गाडीच्या दाराच्या कडेला असं गोल बूच दिसलं तर ती खूण ओळखावी. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात वॅक्सॉइल लोकप्रिय झालं: मेण, गंजरोधक आणि पातळ करणारं द्रव्य. डांबर कडक होऊन सुटतं, मेण मऊ राहतं. बारीक ओरखडा भरून काढतं, फटीत झिरपतं. आपल्याकडे पावसाळ्याआधी ट्रकच्या चॅसीला जळकं ऑइल मारतात त्यामागचा हिशोब हाच. मात्र जळक्या ऑइलमध्ये आम्ल असतं, ते रबरी बुश फुगवतं आणि पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जातं. एमजीबीत इंजिनाखालचा पत्रा बहुधा शाबूत सापडतो, कारण त्या इंजिनाला तेल गळायची सवय आहे.

कारखान्यांची वाटचाल वेगळ्या दिशेने झाली. ब्रिटनमधल्या काही कारखान्यांत पत्र्याचा अख्खा सांगाडा लोखंडी दांड्यावर आडवा फिरवत प्रायमरच्या (रंगाआधीच्या अस्तराच्या) हौदातून काढत. पण अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यामागे कोरा पत्रा राहून जाई. फोर्डने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवायला सुरुवात केली. जिथे थर बसतो तिथे वीज अडते, म्हणून रंग आपोआप पुढच्या उघड्या कोपऱ्याकडे वळतो. ही कल्पना फार सुंदर आहे, आणि आजही जगभरच्या गाड्या याच तत्त्वावर रंगतात. स्पोर्ट्स कारपुरतं बोलायचं तर सगळ्यात मोठी उडी पोर्शने घेतली. 911 च्या 1976 च्या मॉडेलपासून सांगाड्याचा पत्रा दोन्ही बाजूंनी जस्ताचा, आणि गंजून भोक पडणार नाही याची सहा वर्षांची हमी. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं, म्हणून ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त उघड्या लोखंडाला वाचवतं. डांबर ते करू शकत नाही.

एमजीबीला यातलं फारसं काही मिळालं नाही. तिच्या वाट्याला आली ठिगळं. ब्रिटनमध्ये 1960 मध्ये दहा वर्षांवरच्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली, 1967 मध्ये मर्यादा तीन वर्षांवर आली, आणि पुढे सांगाड्याचा गंजही त्यात धरला जाऊ लागला. तपासणीत पास व्हायला सडलेल्या सिलवर नवा पातळ पत्रा नुसता चिकटवून वरून अंडरसील मारायची पद्धत फोफावली. आतला पडदा आणि कॅसल रेल तशीच कुजत राहिली. असं सिल ओळखायला लोहचुंबक उपयोगी नाही, कारण वर पत्राच आहे. दाराच्या फटीकडे बघा. वर अरुंद आणि खाली रुंद किंवा उलट दिसली, दार बंद करताना उचलावं लागलं, तर गाडी मध्येच वाकली आहे. 1988 मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्याच साच्यांवर एमजीबीचा अख्खा नवा सांगाडा काढला, तेव्हापासून नीट मापाचे पत्रे सहज मिळू लागले.

आज अशा गाडीवर काम करायचं तर आधी जुना थर पूर्ण उतरवा. हीट गनने मऊ करून बोथट पटाशीने सोला, उरलेला डाग व्हाइट स्पिरिटने पुसा. गॅसची ज्योत लावू नका. डांबर पेट घेतं. मग टोकदार हातोडीने दर दोन बोटांवर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे कापायचंच. उघड्या गाडीचं सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी तात्पुरती वेल्ड करून चौकट बांधा, एका वेळी एकच बाजू घ्या, आणि नवा पत्रा कायमचा जोडण्याआधी दार लावून फट तपासा. ही पायरी चुकली की दोन्ही नवी सिल वाकड्या गाडीला कायमची वाकडी धरून ठेवतात. जोडाच्या कडांना वेल्डिंग सोसणारा जस्ताचा प्रायमर लावा.

त्यानंतर एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, जोडांवर पॉलियुरेथेन सीलर, मग दगडांचा मार झेलणारा लेप, तोही पातळ. गंज बदलणारं फॉस्फोरिक आम्ल वापरलं असेल तर ते पूर्ण धुऊन, वाळवून घ्या. आम्ल राहिलं की त्यावर एपॉक्सी धरत नाही. मेण सगळ्यात शेवटी, कारण त्यावर काहीच चिकटत नाही आणि नंतर वेल्डिंग केलं तर आतून आग लागते. मेणाचा डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवून पातळ करा, चहूबाजूंनी फवारणारं तोंड असलेली लांब नळी पार टोकापर्यंत घाला आणि हळूहळू मागे ओढत फवारा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना वेगळं फवारायचं. एका बाजूचं दुसरीकडे पोचेल या भरवशावर राहू नका. दोन आसनी गाडीला आतून-बाहेरून मिळून साधारण 5 लिटर पुरतं.

मुंबई-कोकणात रस्त्यावर मीठ कोणी टाकत नाही, ते वाऱ्याबरोबर येतं. हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच ओल खेचून पाझरू लागतं, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता दिवसेंदिवस त्यावर असते. म्हणजे गाडी एक किलोमीटर न चालता शेडमध्ये उभ्या उभ्या गंजते. कुर्ल्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या दारांची खालची कड ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. प्लास्टिकचं आच्छादन ही ओल आणखी धरून ठेवतं. सुती कापड आणि खेळती हवा बरी. मेच्या अखेरीस गाडी उचलून गोड्या पाण्याने खालचा भाग आणि मडगार्डांचे आतले कोपरे धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा, मेण जिथे पुसलं गेलं असेल तिथे पुन्हा लावा. मग सिलच्या तळाची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा, कारण थिजलेलं मेण आधी तीच बुजवतं. पुढे ऊन तापलं की त्या भोकांतून मधाच्या रंगाचे थेंब फरशीवर पडतात. पडू द्यावेत, आत मेण आहे आणि वाट उघडी आहे, इतकंच ते सांगतात.