तात्पुरता ॲरे बनतोच असं नाही

सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने 1991 मध्ये पुण्यात परम 8000 हा महासंगणक उभा केला. त्याच पुण्यातल्या लॅबमध्ये आजही ऐकू येतं, "ॲरेचं गणित एका ओळीत लिहू नका, प्रत्येक क्रियेला तात्पुरता ॲरे बनतो. लूपच लिहा." ॲरे म्हणजे आकड्यांची रांग, लूप म्हणजे एकेक आकडा घेऊन तीच क्रिया पुन्हा पुन्हा करणं.

नमपाय या पायथन भाषेच्या गणिती लायब्ररीपुरतं हे बरंचसं खरं. अ = ब + क × ड हे चार ॲरे घ्या, प्रत्येकात 8 बाइटचे 1 कोटी दशांश आकडे. नमपाय आधी सगळा गुणाकार करून 8 कोटी बाइट मेमरीत लिहितं, मग बेरजेसाठी परत वाचतं. कारण त्या लायब्ररीला पुढची क्रिया दिसतच नाही.

फोर्ट्रान भाषेच्या कंपायलरला, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, अख्खी ओळ दिसते. तो एकच लूप बनवतो आणि मधलं उत्तर प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमध्येच राहतं. एपीएल या ॲरेंच्या भाषेसाठी असा विचार 1970 मध्येच झाला होता!

खरी कसोटी अ(2:न) = अ(1:न-1) इथे, म्हणजे एकाच ॲरेतला प्रत्येक आकडा एक घर पुढे सरकवताना. नियमाने उजवी बाजू आधी पूर्ण काढायची. सरळ लूप चालवला तर पहिलाच आकडा सगळीकडे पसरेल. चांगला कंपायलर लूप शेवटाकडून उलटा चालवतो, ॲरे टळतो. निर्देशांक, म्हणजे घरांचे क्रमांक, दुसऱ्या ॲरेतून येत असतील तर मात्र तो बनवावा लागू शकतो. जीफोर्ट्रान या फोर्ट्रान कंपायलरमध्ये तात्पुरत्या ॲरेची सूचना देणारा पर्याय आहे. लूप लिहायच्या आधी तो लावून बघा.