बॉनेटवरचा स्कूप आणि गार हवेचा हिशेब

1964 चं मॉडेल म्हणून अमेरिकेत पॉन्टिअ‍ॅकची जीटीओ ही गाडी आली, तेव्हा तिच्या बॉनेटवर दोन ऐटदार स्कूप, म्हणजे हवा आत घ्यायला केलेले तोंडवाले उंचवटे, होते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गाडी हवा गिळत पळतेय. प्रत्यक्षात दोन्ही बंद, निव्वळ शोभेचे. 1965 च्या मॉडेलवर दोनांच्या जागी एक आला, तोही कारखान्यातून बंदच यायचा. फरक इतकाच की आता डीलरकडे तो चालू करून घेण्याची सोय झाली. त्यासाठीच्या सामानात काय होतं? पत्र्याचा एक पसरट ट्रे आणि गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी फोमची पट्टी. इंजिन व्ही-8, सुमारे 6.4 लिटरचं, आणि त्यावर तीन कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे भाग) असतील तर तो ट्रे त्यांच्याभोवती बसायचा. बॉनेट लावलं की गॅस्केट खालून घट्ट दाबलं जायचं. मग स्कूपचं तोंड मोकळं केलं की कार्ब्युरेटरना मिळायची ती थेट बाहेरची हवा, बॉनेटखालची शिजलेली नव्हे.

एवढा खटाटोप गार हवेसाठी का, ते आधी पाहू. इंजिन हवा ओढतं ती आकारमानाने, पण पेट्रोल जळतं वजनाच्या हिशेबाने. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. हवा तापली की विरळ होते, म्हणजे सिलिंडर तेवढाच भरला तरी आत गेलेली हवा वजनाला कमी भरते. बाहेर 30 अंश आणि बॉनेटखाली 60 अंश असतील, तर निरपेक्ष तापमानात हे 303 आणि 333 केल्विन होतात. गरम हवेची घनता सुमारे 9 टक्क्यांनी कमी. मात्र ताकद तितकी घटत नाही. गार हवासुद्धा मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्या) आणि व्हॉल्व्हपाशी पोचेपर्यंत तापतेच. म्हणून पेट्रोल इंजिनांच्या चाचणीत तापमानाची दुरुस्ती करताना साधारण वर्गमूळ घेतात. तसं केलं की फरक 5 टक्क्यांच्या आसपास येतो. शंभर हॉर्सपॉवरला पाच. शिवाय गार हवेत नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसण्याचा, धोका कमी होतो, त्यामुळे स्पार्क थोडा आधी देता येतो. हे खरे फायदे आहेत आणि फुकटात मिळतात.

आता दुसरा दावा बघा. गाडी वेगात असली की वाऱ्याच्या जोरावर हवा इंजिनात कोंबली जाते, असं जाहिरातींनी अनेक वर्षं सांगितलं. ताशी 100 किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर वेगाने, हवा समोरून पूर्ण अडवली तर तिचा दाब किती वाढतो? सुमारे 460 पास्कल. वातावरणाचा दाब एक लाखाच्या वर आहे, त्यात ही भर अर्धा टक्कासुद्धा नाही. पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरा, एक टोक स्कूपच्या तोंडाशी न्या आणि दुसरं गाडीच्या आत ठेवा. शंभरच्या वेगात दोन बाजूंच्या पाण्यात फार तर पावणेपाच सेंटीमीटरचा फरक पडेल. वेग 160 वर नेला की दाब अडीच पट होतो, तरीही जेमतेम सव्वा टक्का. थोडक्यात, रस्त्यावरच्या गाडीत स्कूपची कमाई गारव्यातून येते, वाऱ्याच्या रेट्याची भर त्यात नगण्य असते.

तीही कमाई स्कूप योग्य जागी असेल तरच. बॉनेटच्या पत्र्याला चिकटून वाहणारी हवा घर्षणामुळे संथ झालेली असते. हा संथ थर बॉनेटच्या मागच्या टोकापर्यंत दोनेक सेंटीमीटर जाड होऊ शकतो. जीटीओचा स्कूप इतका बसका होता की त्याच्या वाट्याला मुख्यतः हाच थर येत असावा. आवाज मात्र झकास वाढायचा, आणि गिऱ्हाइकाला बहुधा तोच हवा होता.

1969 च्या मस्टँग मॅक 1 मध्ये फोर्डने दुसरा मार्ग काढला. स्कूप बॉनेटला न लावता थेट इंजिनावरच्या एअर क्लीनरवर (हवेच्या फिल्टरच्या डब्यावर) बसवला आणि त्यासाठी बॉनेटला भोक ठेवलं. इंजिन थरथरलं की स्कूपही थरथरतो, म्हणून त्याचं नाव शेकर. त्याच वर्षीच्या कॅमॅरोसाठी शेव्हरोलेकडून मिळणाऱ्या बॉनेटवरचा स्कूप तर चक्क उलटा होता, त्याचं तोंड काचेकडे. वेडेपणा वाटतो, पण वारा पुढच्या काचेला अडतो तेव्हा काचेच्या पायथ्याशी दाब वाढतो, आणि तिथली हवा इंजिनाच्या उष्णतेपासून दूर असते. या दोघांत मला कॅमॅरोची युक्ती जास्त पटते.

गॅरेजमध्ये ग्राइंडर चालवणारे नेमकं इथेच चुकतात. पत्रा कापून वर फायबरचा स्कूप चिकटवला की काम झालं असं धरतात. ट्रे आणि गॅस्केट नसेल तर आलेली गार हवा बॉनेटखालच्या गरम हवेत मिसळते आणि फिल्टर ती सरमिसळ ओढतो. खरी कारागिरी त्या फोमच्या पट्टीत आहे. ती बॉनेट लावल्यावर सगळीकडून सारखी दाबली गेली पाहिजे. पट्टी काळजीपूर्वक लावली, पण बॉनेटच्या आतल्या बाजूच्या आधारपट्ट्या कापल्या, तर पत्रा वेगात फडफडायला लागतो. कापलेल्या कडेला प्रायमर नसेल तर दोन पावसाळ्यांत गंज ठरलेला.

पावसाचं पाणी हा वेगळाच विषय. ट्रेच्या तळाला पाणी निघून जायला छिद्र हवंच. सिलिंडरमध्ये पुरेसं पाणी गेलं तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्या बिलापुढे पाच हॉर्सपॉवर काहीच नाहीत.

आपल्याकडे रस्त्यावर दिसणारा स्कूप मात्र बहुतेकदा निराळं काम करतो. भारतात आलेल्या पहिल्या फॉर्च्युनरच्या 3 लिटर डिझेलवरचा स्कूप हवा इंजिनाच्या फिल्टरला देत नाही. टर्बोने दाबल्यामुळे तापलेली हवा ज्या इंटरकूलरमधून जाऊन गार होते, तो इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला असतो आणि बॉनेटवरची हवा त्याच्या पट्ट्यांमधून जाते. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्सवरचा प्रसिद्ध स्कूपही त्याच कामाचा. इथे हवा आत शिरावी एवढंच पुरत नाही, इंटरकूलरमधून ती खालून बाहेरही पडली पाहिजे.

साध्या टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीवर असा प्रयोग करायचा असेल, तर आधी फिल्टरच्या डब्याची नळी कुठून हवा घेते ते बघा. आजच्या बऱ्याच गाड्यांत ती रेडिएटरच्या वर, ग्रिलच्या मागे उघडते, म्हणजे कारखान्यानेच गार हवा दिलेली असते. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची आडकाठी आहे, तेही आरटीओत आधी विचारून घ्या. आणि सर्वात आधी ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं उपकरण) लावून हायवेवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान वाचा. ते बाहेरच्यापेक्षा पाचच अंशांनी जास्त निघालं, तर पत्रा कापून जास्तीत जास्त मिळेल ते एका टक्क्याच्याही आत.