कोबी इंग्लंडच्या कड्यांवरून आला? नाही हो

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल या सगळ्यांचा पूर्वज म्हणजे इंग्लंड-फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या कड्यांवर वाढणारा जंगली कोबी, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. आणि तो कोबी तिथे खरंच उगवतो, खडूच्या पांढऱ्या कड्यांवर, त्यामुळे पटकन पटतं पण.

पण २०२१ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात या भाज्यांचे १४ प्रकार आणि ९ जंगली नातेवाईक घेऊन जनुकं ताडून पाहिली, तर सगळ्यात जवळचा निघाला ब्रॅसिका क्रेटिका, म्हणजे ग्रीस, क्रीट आणि एजियन समुद्राच्या भागातला, जो किनाऱ्यालगत कोरड्या चुनखडीच्या कड्यांवर खडकाच्या फटीत वाढतो, बुंधा लाकडासारखा, एकदा रुजला की वर्षानुवर्षं टिकतो, आणि गड्डा वगैरे काही नाही बरं का, नुसती पानं! गड्डा माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून आणलाय, आणि मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

मग इंग्लंडच्या कड्यांवरचा कोण? तो बहुतेक शेतातून सुटून रानटी झालेला कोबीच, म्हणजे आपण ज्याला पूर्वज समजत होतो तो वंशज निघाला.

जुने लेखही याच बाजूने बोलतात. इसवी सन पूर्व चौथ्या शतकातच ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टसने कोबीचे कुरळ्या पानांचा, गुळगुळीत पानांचा आणि जंगली असे प्रकार लिहून ठेवलेत.