सेफ्टी उडाली म्हणजे नेमकं काय झालं?

गेल्या आठवड्यात मावशीच्या कुकरची सेफ्टी उडाली. ओट्यापासून छतापर्यंत तुरीच्या डाळीचे शिंतोडे. "कुकर बाद झाला रे," म्हणत ती तो मोडीत द्यायला निघाली होती. खरं तर त्या कुकरने आपलं काम चोख केलं होतं.

'सुरक्षितता' हा शब्द भाषणात आणि पाट्यांवर भेटतो. स्वयंपाकघरातली 'सेफ्टी' मात्र हातात धरता येते, दुकानात मागता येते आणि वेळ आली की उडते. हा वापर मला फार नेमका वाटतो. सेफ्टी म्हणजे मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा. बिघाड व्हायचाच असेल तर तो तिथेच व्हावा. विजेचा फ्यूज तसाच, म्हणून त्यात जाड तार घालणं घातक.

कुकरची पहिली राखणदार शिट्टी. तिच्याखालचं छिद्र ३ मिलिमीटर व्यासाचं धरा. क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस सेंटिमीटर. बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला १ किलो जास्त दाब झाला, की वाफ ७० ग्रॅमचं वजन उचलते. त्या वेळी पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळत असतं. वजनाने दाबलेली अशी झडप फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ यांनी सतराव्या शतकातच आपल्या वाफेच्या भांड्याला बसवली होती.

छिद्रच तुंबलं तर? मग सेफ्टीतला मिश्रधातू वितळतो. कथील २३२ अंशांना वितळतं, बिस्मथ २७१ ला. पण ४२ भाग कथील आणि ५८ भाग बिस्मथ एकत्र केले, तर मिश्रण १३८ अंशांनाच वितळतं! घनरूपात दोघांचे अणू एकमेकांच्या रचनेत नीट सामावत नाहीत, द्रवात मात्र मोकळे मिसळतात. ही वाढलेली एन्ट्रॉपी, म्हणजे अणूंची सरमिसळ, द्रवाच्या बाजूने कौल देते. नेमक्या याच प्रमाणात धातू आधी मऊ पडत बसत नाही, एकदम पाणी होतो. प्रत्यक्ष कुकरमधला मिश्रधातू कंपनीनुसार वेगळा असेल, तत्त्व हेच. १३८ अंशांना वाफेचा एकूण दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे ३.४ पट असतो. आणि आतलं पाणीच संपलं, तर दाब फारसा वाढत नाही, शिट्टी गप्प राहते. तरी तापमान चढतं आणि सेफ्टी वितळते. दाब आणि करपणं, दोन्हींवर एकच पहारा.

डाळीच्या फेसात युरिक ॲसिड असतं, असा संदेश मोबाइलवर फिरतो. ते खोटं आहे. तो फेस सॅपोनिन (डाळीतलं साबणासारखं फेसाळणारं द्रव्य) आणि प्रथिनांचा. मात्र तोच फेस सालं वर नेऊन छिद्र बुजवतो, म्हणून डाळीचा कुकर अर्ध्याच्या वर भरू नये.

मी जुनी सेफ्टी उजेडात धरली. मधोमध आरपार भोक, कडेला गोठलेला राखाडी थेंब. त्याच कंपनीची नवी बसवली. मावशीने बांगडीतली सेफ्टी पिन काढून शिट्टीच्या नळीत फिरवली, तेव्हा तुरीचं एक साल बाहेर आलं.