एका बटणाची वर्णमाला

भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचं बोलण्याचं यंत्र त्यांच्या मनातले विचार वाचायचं, असं समजणारे अजून भेटतात. तसं काही नव्हतं. १९८५ मध्ये न्यूमोनियानंतर श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि त्यांचा आवाज गेला. सुरुवातीला कुणीतरी अक्षरांच्या तक्त्यावर बोट फिरवायचं. हवं ते अक्षर आलं की हॉकिंग भुवई उचलायचे. पुढे संगणक आणि हातात बटण आलं. आजाराने हातही चालेना, तेव्हा चष्म्यावरचा अवरक्त (इन्फ्रारेड) सेन्सर गालाची हालचाल टिपू लागला. म्हणजे हाताशी एवढंच: दाबलं किंवा नाही दाबलं.

एवढ्यावर ३६ अक्षरं कशी लिहायची? पडद्यावर एकेक अक्षर उजळत जातं, आपलं आलं की दाबायचं. अक्षराला एक सेकंद धरला तर सरासरी साडेअठरा सेकंद लागतात. आता तीच अक्षरं सहा बाय सहाच्या चौकटीत मांडा. आधी आडव्या ओळी उजळतील, दाबलं की त्या ओळीतली अक्षरं. साडेतीन अधिक साडेतीन, सात सेकंद!

दर वेळी निम्मी अक्षरं उजळवून, दाबलं की नाही त्यावरून उरलेल्यांतली निम्मी बाद केली तर? सहा पावलांत काम होतं खरं, पण काही अक्षरांना पाच-सहा वेळा दाबावं लागतं. थकलेल्या स्नायूला वाट पाहणं स्वस्त, दाबणं महाग. चौकटीत मात्र कुठलंही अक्षर दोनच दाबांत मिळतं.

आणखी गंमत आहे. अक्षराला लागणारा वेळ म्हणजे ओळीचा क्रमांक अधिक स्तंभाचा क्रमांक. वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन सेकंद, खालच्या उजव्या कोपऱ्यात बारा. पहिल्या ओळीतलं तिसरं आणि तिसऱ्या ओळीतलं पहिलं, दोघांचा वेळ सारखाच. म्हणून जास्त लागणारी अक्षरं त्या कोपऱ्यापासून तिरक्या रेषांनी भरत जायची. वर्णक्रम इथे चक्क अडचण आहे. टिंब-रेघांच्या मोर्स लिपीत इंग्रजीत सर्वांत जास्त येणाऱ्या ई ला नुसता एक टिंब आहे, तेही याच हिशेबाने.

एवढं करूनही पाच अक्षरी शब्दाला अर्धा मिनिट जाऊ शकतो. म्हणून पुढचा शब्द सुचवणारी यादी लागते.

‘मदतनिसाने हात धरला की न बोलणारं मूल भराभर टाइप करतं’ हा चमत्कारही मध्यंतरी गाजला होता. १९९० च्या दशकात तपासणाऱ्यांनी मुलाला एक चित्र दाखवलं आणि मदतनिसाला दुसरंच. टाइप झालं ते मदतनिसाने पाहिलेलं.